पगार सोडलेल्या माणसाच्या घरातली वही

माझे पप्पा उपासनेत साक्ष द्यायला उभे राहिले की एक वाक्य ठरलेलं असायचं : ‘या महिन्यातही परमेश्वराने पुरवलं.’ वाळवा तालुक्यातली आमची मंडळी म्हणजे चाळीसेक माणसं, पत्र्याचं छत, एक ढोलकी, एक पेटी. आई बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसायची. आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत तिने शाळेचे गणवेश शिवलेले असायचे. पप्पांच्या वाक्यावर सगळ्यांबरोबर तीही ‘आमेन’ म्हणायची.

पप्पांनी साखर कारखान्याच्या ऑफिसातली नोकरी सोडली तेव्हा मी दुसरीत होतो. ते ‘विश्वासाने’ सेवेत उतरले. आमच्याकडे या शब्दाला ठरावीक अर्थ आहे. पगार नाही, पाठीशी मिशन नाही, कुणापुढे हात पसरायचा नाही. देव ज्याला सुचवेल तो देईल. आणि लोक देतही. कुणी दोनशे रुपये, कुणी पायलीभर जोंधळे. हंगामाच्या सणाला चर्चमध्ये भाजीपाल्याचा लिलाव होतो, तेव्हा कुणीतरी भोपळा भलत्याच किमतीला घ्यायचं आणि जाताना आमच्याच दारात ठेवून जायचं. पण महिना तीस दिवसांचा असतो. उरलेले दिवस आईच्या मशीनवर चालायचे : ब्लाऊज, फॉल-पिको, गणवेश. तिची एक शंभर पानी वही होती. जमेच्या बाजूला दोनच शब्द आलटून पालटून येत, ‘भेट’ आणि ‘शिलाई’.

आता मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दर एक तारखेला पप्पांना यूपीआयने पैसे पाठवतो. साक्षीत ते त्याचाही उल्लेख ‘परमेश्वराने पुरवलं’ असाच करतात. मला याचा राग यायचा. ज्या पुस्तकाबद्दल मला इथे बोलायचं आहे, त्याने तो राग घालवला नाही. पण तो नेमका कशाचा आहे हे दाखवलं. ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’.

सातारा, १९१७

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) हे कवी. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता. त्यानंतर काही वर्षं लक्ष्मीबाई नातेवाइकांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या, मग अहमदनगरला नवऱ्याकडे आल्या आणि १९००मध्ये स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या नोकरीत होते. धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयात शिकवत, नंतर ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक झाले.

आणि १९१७मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी मिशनचा पगार सोडला. मुक्काम साताऱ्याला हलवला. ‘देवाचा दरबार’ नावाची कल्पना मांडली : बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळेच ख्रिस्तभक्त एकत्र येतील असा एक भाईचारा, परदेशी मंडळाच्या पैशाशिवाय आणि हुकुमाशिवाय. दोन वर्षांत, मे १९१९मध्ये, मुंबईत त्यांचं निधन झालं.

आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांत ही गोष्ट आदराने सांगितली जाते. पप्पांनी नोकरी सोडली तेव्हा त्यांच्या तोंडी बायबलनंतर टिळकांचंच नाव होतं. त्या निर्णयामागे खरं दुखणं होतं, हेही मान्य केलं पाहिजे. मिशनचा पैसा बोस्टनहून यायचा. १८१०मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या मंडळाचे पहिले मिशनरी १८१३मध्ये मुंबईत पोचले, पुढे नगर आणि सातारा भागात काम उभं राहिलं. शाळा, दवाखाने, छापखाना सगळं त्या पैशावर. पण त्याच पैशामुळे देशी ख्रिस्ती माणूस आयुष्यभर ‘मिशनचा नोकर’ राहायचा आणि गावाच्या नजरेत ‘पोटासाठी बाटलेला’. टिळकांना हे दोन्ही शिक्के पुसायचे होते. पगार सोडणं हे त्यांचं उत्तर होतं.

गंमत अशी की स्वावलंबी चर्चची कल्पनासुद्धा बोस्टनहूनच आली होती. त्या मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५मध्ये इथे येऊन गेले. देशी चर्चने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा, स्वतःचा प्रसार स्वतः करावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांची धोरणं सगळ्यांना पटली असं नाही. नगरहून कोल्हापूरला गेलेले रॉयल वाइल्डर यांचं मंडळाशी बिनसलं. संबंध तुटल्यावरही ते स्वतंत्रपणे कोल्हापुरात परतले आणि पुढे ते काम प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं. म्हणजे मिशनचा पैसा आणि मिशनचं स्वातंत्र्य हे भांडण कृष्णाकाठच्या या पट्ट्यात टिळकांच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. पैसे कोण देतो आणि त्यामुळे हुकूम कोणाचा चालतो, एवढाच त्यातला प्रश्न असे. पैसे संपल्यावर चूल कोण पेटवतं, हा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही.

तीन प्रकारचं लेखन

मिशन आणि पैसा या विषयावर जे लिहिलं गेलं, त्याचे मला तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार अहवालाचा. तो देणाऱ्यासाठी लिहिलेला असतो. सांगली जिल्ह्यातलं सर्वांत मोठं उदाहरण मिरजेचं. डॉ. विल्यम वानलेस १८८९मध्ये भारतात आले, १८९४मध्ये मिरजेत रुग्णालय उभं राहिलं, पुढे तिथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झालं. १९२८मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीतून रोज जाणाऱ्या किती जणांना हे नाव कुणाचं ते माहीत असेल, कोण जाणे. वानलेस यांनी १९३२मध्ये अमेरिकेत एक पुस्तक छापलं, ‘अॅन अमेरिकन डॉक्टर अॅट वर्क इन इंडिया’. नावातच सगळं आलं : डॉक्टर कुठला, काम कुठे, वाचक कुठला. अशा लेखनाची मी टिंगल करणार नाही. ज्याने पैसे दिले त्याला ते कुठे गेले हे सांगणं ही सभ्यता आहे. पण अहवालात खाटा मोजल्या जातात, शस्त्रक्रिया मोजल्या जातात. पगार उशिरा आला तेव्हा कंपाउंडरच्या घरी काय शिजलं ते अहवालात नसतं.

दुसरा प्रकार चरित्राचा. तो भाविकासाठी लिहिलेला असतो. जे. सी. विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूंनी १९२३मध्ये टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. विन्स्लोंवर टिळकांच्या कल्पनांचा प्रभाव होता. आदल्याच वर्षी त्यांनी ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला होता. त्यांच्या मांडणीत साताऱ्याचा निर्णय हा आयुष्याचा कळस आहे. चरित्राची ही रीतच असते. माणूस चढत जातो, शेवटी सगळं सोडतो, आणि त्याने सोडलेलं खाली कुणाच्या अंगावर पडलं हे बघायला लेखक थांबत नाही.

तिसरा प्रकार ‘स्मृतिचित्रे’चा, आणि त्या प्रकारात माझ्या माहितीत ते जवळजवळ एकटंच आहे. १९३४पासून भागाभागाने आलेलं हे आत्मचरित्र. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने लिहिलेलं. यात देणगीदार वाचक नाही आणि भाविकही नाही. त्यामुळे लेखिकेला काही सिद्ध करायचं नाही, आणि म्हणूनच तिच्याकडे हिशोब आहे.

हिशोब सुरुवातीपासूनच आहे. पहिल्या भागात लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं, नानांचं सोवळं येतं. जवळच्या माणसाला फाशी झाल्याच्या धक्क्यानंतर त्यांनी शुचितेचा ध्यास घेतला. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात जायची नाही. हसत हसत वाचतो आपण. पण थांबून विचारा, ते पाणी कोण भरत होतं? पुण्य नानांचं आणि घागरी बायकांच्या. मग लग्न होतं, आणि नवरा बरोब्बर उलटा निघतो. सोवळं नाही, पैशाचा मोह नाही, घरात कायम चार माणसं जास्तीची. हातात आलेला पैसा दुसऱ्याच्या हातात जातो. एकाचं घर बंद, दुसऱ्याचं सताड उघडं. पण घागरी पुन्हा बायकोच्याच.

हे लक्ष्मीबाई कुठेही तत्त्व म्हणून सांगत नाहीत. काय घडलं ते सांगतात, मध्येच स्वतःवर हसतात, आणि पुढच्या प्रसंगाकडे जातात. नवऱ्याच्या औदार्याला त्या खोटं म्हणत नाहीत, थोर म्हणूनही भुलत नाहीत. घरात किती पीठ होतं, एवढं त्यांना माहीत असतं आणि आपल्याला कळतं. मराठीत विनोदी स्त्री-लेखन म्हणून या पुस्तकाचं कौतुक झालं. मला वाटतं, त्या विनोदाचं काम वेगळं आहे. रडून सांगितलं असतं तर टिळक खलनायक झाले असते. गंभीरपणे सांगितलं असतं तर संत झाले असते. हसून सांगितल्यामुळे ते नवरा राहतात, आणि नवऱ्याकडे हिशोब मागता येतो.

इंग्रजी भाषांतरांच्या नावांकडे बघा. १९५०च्या भाषांतराचं नाव ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे ती मागोमाग जाणारी. २०१७च्या शांता गोखले यांच्या भाषांतराच्या उपशीर्षकात ती ‘स्पिरिटेड वाइफ’, म्हणजे तडफदार बायको. दुसरं नाव नक्कीच जास्त न्यायाचं. पण दोन्हींत ती नवऱ्याच्या नात्यानेच ओळखली जाते. माझ्या वाचनात ती या संसाराची खजिनदार आहे.

तुकोबांचे कागद

टिळक स्वतःला तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेला माणूस मानत. म्हणून तुकोबांचीच एक गोष्ट इथे आठवते. परंपरा सांगते की तुकोबांनी सावकारीचे कागद इंद्रायणीत बुडवले. शाळेत आपण एवढंच ऐकतो. पण गोष्टीत एक तपशील आणखी आहे. धाकटा भाऊ कान्होबा आडवा आला तेव्हा तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले. भावाचा वाटा भावाला दिला आणि स्वतःच्या वाट्याचे तेवढे कागद बुडवले.

हा तपशील मला सगळ्या गोष्टीपेक्षा मोठा वाटतो. वैराग्यालाही वाटणी असते. आपलं आहे ते बुडवावं, दुसऱ्याचं त्याला विचारल्याशिवाय बुडवू नये. आता पुढचा प्रश्न विचारा. त्या दोन वाट्यांत आवलीचा वाटा कुठे होता? भाऊ होता म्हणून त्याला वाटा मिळाला. बायको होती, ती नवऱ्याच्या वाट्यातच धरली गेली. मग तिने आरडाओरडा केला की ती कजाग.

टिळकांच्या १८९५च्या बाप्तिस्म्याला आणि १९१७च्या राजीनाम्याला हाच प्रश्न लागू पडतो. दोन्ही निर्णय प्रामाणिक होते. दोन्हींत त्यांनी स्वतःच्या वाट्याबरोबर आणखी एका माणसाचा वाटा पाण्यात सोडला. फरक एवढाच की या वेळी आवलीच्या हातात लेखणी होती.

यावर कुणी म्हणेल, विश्वास असा हिशोब करून ठेवता येतो का? येतो. पंडिता रमाबाईंनी ठेवला. त्यांच्या शारदा सदनासाठी बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या संस्थेने दहा वर्षं पैसा पुरवला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनीही ‘मागायचं नाही, प्रार्थना करायची’ हीच वाट धरली. पण त्यांच्याकडे शेती होती, विहिरी होत्या, छापखाना होता, आणि तिथल्या मुली काम शिकत होत्या. ज्या बाईला शेकडो पोटं भरायची असतात, तिच्या विश्वासाला कोठीघर असतंच. मिझोराममध्ये तर १९१०पासून बायका रोजच्या स्वयंपाकाच्या तांदळातून एक मूठ चर्चसाठी बाजूला काढतात. त्या मुठी विकून उभ्या राहिलेल्या पैशावर तिथलं चर्च स्वतःचे मिशनरी पाठवतं. तिथे निदान एवढं स्पष्ट आहे की देव पुरवतो तो कुणाच्या हाताने. संत पौलसुद्धा करिंथमध्ये तंबू शिवून पोट भरत होता. हे मला पप्पांनीच शिकवलं. शिलाई मशीनच्या शेजारी बसून.

पुस्तक कुठे कमी पडतं

आता ‘स्मृतिचित्रे’शी माझं भांडण. पगार सोडणं हे थोर आहे, असं हे पुस्तक शेवटी मान्य करतं. पगार म्हणजे काय असतो हे त्यात पुरेसं येत नाही.

माझे पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या वडिलांना बलुत्यात काय मिळायचं, आणि ते कसं मिळायचं, हे आमच्या घरात अजून आठवणीने सांगितलं जातं. शिळं, लांबून टाकलेलं. त्या घरात पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला मोजून, हातात, सही घेऊन पैसे आले ते मिशनच्या पगाराचे. नगर, सातारा, सांगलीच्या कितीतरी महार-मांग कुटुंबांसाठी तो पगार म्हणजे गुलामगिरीचा शिक्का नव्हता, त्यातून सुटल्याची पावती होती. टिळकांना तो पगार टोचला, कारण त्यांच्याकडे पगाराआधीही मान होता. ब्राह्मण कवीने भगवं घातलं की महाराष्ट्र त्याला ओळखतो. संन्यासाचा साचा त्याच्यासाठी तयार असतो. माझ्या पणजोबांनी पगार सोडला असता तर त्यांना कुणी संन्यासी म्हटलं नसतं. बेकार म्हटलं असतं.

‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा म्हणूनच मला दुहेरी वाटतो. टिळकांनी त्याला पोट सोडून उत्तर दिलं. खरं तर पोटासाठी काही करणं लाजिरवाणं आहे, हेच गृहीतक मुळात नाकारायला हवं होतं. आजही व्हॉट्सअॅपवर परदेशी पैशाबद्दल फॉरवर्ड फिरतात. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२०मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून असा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घ्यावा लागतो आणि त्यातला फार तर २० टक्के प्रशासनावर खर्च करता येतो. कायदा ठीक की जाचक, यावर वाद घालता येईल. पण वाळव्यातल्या आमच्या पत्र्याच्या चर्चपर्यंत डॉलर कधी पोचलाच नाही. तिथे आले ते जोंधळे, भोपळा, दोनशे रुपये आणि आईची शिलाई. त्यावर ना कुणी फॉरवर्ड लिहिला, ना अहवाल.

आईचं वाचन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ‘स्मृतिचित्रे’ आईला नेऊन दिलं. मनात माझं वाचन तयार होतं. तिला आपली बाजू मांडणारी बाई सापडेल, आणि कदाचित ती मला पहिल्यांदा काहीतरी सांगेल, असं वाटत होतं. तिने दहा-बारा दिवसांत ते संपवलं. काही ठिकाणी पदर तोंडाला लावून हसली. मग मी विचारलं, “तुला राग नाही आला टिळकांचा?”

“आला की,” ती म्हणाली. “पण तिला जायचं असतं तर ती गेली असती. पाच वर्षं ऱ्हायली होतीच ना एकटी.”

मी वहीचा विषय काढला. म्हटलं, पप्पा शिलाईच्या पैशाला ‘परमेश्वराने पुरवलं’ म्हणायचे, तू ऐकून घ्यायचीस.

ती उठून कपाटातून वही घेऊन आली. शेवटच्या पानांवर मी कधी न पाहिलेला एक हिशोब होता. दर महिन्याला शिलाईतून दहावा भाग बाजूला. दशांश. पप्पांच्या चर्चला नाही. शेजारच्या गावातल्या एका विधवेच्या मुलीच्या फीसाठी. पप्पांना ठाऊक नव्हतं. “माझ्या वाट्याचं होतं ते,” आई म्हणाली. “कुणाला द्यायचं ते मी ठरवलं.”

माझ्या वाचनात काय राहून गेलं ते तेव्हा कळलं. मी लक्ष्मीबाईंना फक्त तूट भरून काढणारी बाई समजत होतो. पण टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरू केलं आणि थोडेच अध्याय लिहून गेले. उरलेलं, म्हणजे बहुतेक सगळं, त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी लिहिलं. नवऱ्याचं कर्ज फेडावं तसं नव्हे. त्यात त्यांचा स्वतःचा विश्वास होता, स्वतःच्या वाट्याचा, स्वतः ठरवलेला. हिशोब ठेवणाऱ्या माणसाला श्रद्धा नसते, असं मी का धरून चाललो होतो?

पप्पांशीही मी बोललो. भांडलो नाही. एवढंच म्हटलं, “पप्पा, साक्ष देताना कुणाच्या हाताने पुरवलं तेही सांगत जा तुम्ही.” ते बराच वेळ गप्प होते. पुढच्या रविवारी काय झालं ते आईने फोनवर सांगितलं. ते उभे राहिले, नेहमीचं वाक्य म्हणाले, थांबले, आणि मग म्हणाले, “आमच्या मंडळींच्या मशीनवर.”

“मग तू काय केलंस?” मी विचारलं.

“काय करणार? आमेन म्हणाले,” आई म्हणाली. “आणि तू या महिन्याचे पैसे अजून पाठवले नाहीस. चार तारीख झाली.”